सोड्यांच्या डब्यातली कॉफी

चिकमगळूरच्या डोंगरांतून परत आल्यापासून मनालीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जेवताना हात ताटात, नजर भिंतीवर. "काय गो, काय झालं?" म्हणून विचारावं, तर "कुठे काय!"

नीलाने चेंदणी कोळीवाड्यात उभी हयात सुकी मासळी विकली. गिऱ्हाईक किती घासाघीस करणार, हे त्याने टोपलीत हात घालायच्या आत ती ओळखायची. पोटच्या पोरीचा मात्र तिला थांग लागेना. नवरा गेल्यापासून घरात दोघीच, आणि त्यातल्या एकीने तोंडात मिठाची गुळणी धरलेली.

शेवटी शेजारची कृतिका बोलून गेली. ट्रेकवाल्या ग्रुपबरोबर तीही गेलेली.

"मावशी, तुम्हाला बोलली नाय ती? दर्शनाताई तिला तिकडेच बोलावतायत. कायमचं!"

ही दर्शना मूळची डोंबिवलीची. लग्न करून तिकडे कॉफीच्या मळ्यात गेली आणि आता नवऱ्याबरोबर पाहुण्यांसाठी होमस्टे चालवते. पाहुण्यांना डोंगर चढवायचे, धबधबे दाखवायचे, झाडावरच्या लाल फळापासून कपातल्या कॉफीपर्यंत सगळं समजवायचं, अशा कामाला तिला माणूस हवं होतं. मनाली दर रविवारी सह्याद्रीत पोरं फिरवायची आणि बाकी आठवडा वर्तकनगरच्या एका ऑफिसात खुर्ची झिजवायची. दर्शनाने तिला बरोबर हेरलं होतं.

पोरगी आज विचारेल, उद्या विचारेल, म्हणून नीला वाट बघू लागली. उत्तरंही तयार ठेवली. सकाळी मासळी उन्हात घालताना ठरवायची, जा म्हणायचं. संध्याकाळी तीच मासळी गोळा करताना ठरवायची, नाही म्हणजे नाही! पण विचारणारी विचारेल तर ना.

आणि एक दिवस नीलाने फोनवरचं बोलणं ऐकलं. "हो ताई, रविवारी कढईत भाजते. चव कशी येते ते कळवते." मनालीने येताना कागदी पिशवीतून कॉफीच्या कच्च्या, हिरवट बिया आणल्या होत्या. नीलाने हिशेब जुळवला. म्हणजे ही परीक्षा! बिया नीट भाजल्या तर नोकरी, नाहीतर राम राम.

त्या बिया मनालीने खिडकीतच ठेवल्या होत्या. खाडीकडची दमट हवा, तिथे कागदाचा काय निभाव लागणार? घरात सगळ्यात कोरडी जागा एकच, सोड्यांचा पत्र्याचा डबा. सोललेली, सुकवलेली कोलंबी त्यात अख्खा पावसाळा कुरकुरीत राहते. झाकण इतकं घट्ट की उघडताना नखं तुटतात. परक्या माणसाला नीला त्या डब्याला हातही लावू देत नसे. तिने पिशवी अलगद सोड्यांवर ठेवली आणि झाकण दाबलं.

रविवारी मनालीने पिशवी उघडली, नाकाशी नेली आणि तिचा चेहराच उतरला. तरी तिने बिया कढईत टाकल्या. धूर निघाला आणि घरभर भाजक्या सोड्यांचा वास घमघमला. कॉफी दुसऱ्याचा वास पिऊन घेते, हे नीलाला कोण सांगणार?

"आये, काय केलंस हे!"

"दमट हवा गो... मना वाटलं, कोरड्यात ऱ्हातील..."

"फेकून दे. आता काय फरक पडतो!" मनाली कढई तशीच टाकून मागच्या दारी जाऊन बसली.

नीला चुलीपाशी उभी राहिली. खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिला बरं वाटलं. परीक्षा बुडाली, पोरगी राहिली. तो आनंद जेमतेम एका श्वासाचा होता, पण होता. आणि तो कळला तशी तिला स्वतःचीच शिसारी आली. आईच का मी, की कोण?

तिने पदराला हात पुसले, कृतिकाकडून नंबर घेतला आणि तिच्या ओट्यावरूनच फोन लावला.

"ताई, मी मनालीची आय. त्या बियांना सोड्यांचा वास लागला तो माझ्यापायी. पोरीची काय चूक नाय. परीक्षा परत घ्या तिची."

"कसली परीक्षा, मावशी?" दर्शना गोंधळली. "मनालीने इथून निघतानाच मला नकार दिला. बिया मी हौसेला दिल्या. म्हटलं, येत नाहीस तर निदान घरी भाजून बघ."

"नाय म्हनली? का?"



"म्हणाली, आई एकटी आहे. मी म्हटलं, अगं, विचारून तरी बघ. तर म्हणाली, विचारलं तर ती हो म्हणेल आणि मग मागे रडत बसेल. म्हणून विचारणारच नाही."

इतके दिवस नीला जिच्या विचारण्याची वाट बघत होती, ती पोरगी सगळं कधीच निस्तरून मोकळी झाली होती. वर आपण एका श्वासापुरत्या खूश झालो!

"ताई, दुसरं कोन ठेवलं का?"

"नाही अजून."

"मंग ठेवू नका. फोन चालू ठेवा."

ती तशीच तरातरा घरातून मागच्या दारी गेली. मनालीने डोळे पुसले.

"इचार मना," नीला म्हणाली.

"काय विचारू?"

"जे इचारायला भितेस ते. ताई ऐकतायत."

मनालीने फोनकडे पाहिलं, मग आईकडे.

"आये... मी जाऊ?"

"जा."

मनालीचे डोळे पुन्हा भरून आले. "इतक्या पटकन?"

"सावकाश बोलाया गेले असते," नीला म्हणाली, "तर निघालंच नसतं गो तोंडातून."