संत बार्तोलो समुद्रावर जातात

एदुविहेसला समुद्र बघायचा होता. मागणी एवढीच. डोंगरातल्या आमच्या सान बार्तोलो गावापासून समुद्र म्हणजे बसने एक दिवसाची वाट, काही चंद्रावर नाही. पण तिचा नवरा क्रिसोफोरो गावच्या बँडमध्ये तूबा वाजवतो, आणि सगळं घोडं तिथे अडलं होतं.

तूबा म्हणजे अंगाभोवती अजगरासारखा गुंडाळून घ्यायचा पितळी कर्णा. तूब्याशिवाय बँड नाही, आणि बँडशिवाय आमच्याकडे पोराचा बाप्तिस्मा होत नाही की मयत उचललं जात नाही. लग्नात क्रिसोफोरोने कबूल केलं होतं, "हा सण संपला की तुला समुद्रावर नेतो." हा म्हणजे कोणता, ते त्याने सांगितलं नाही. आता त्यांची थोरली मुलगी दोन लेकरांची आई आहे.

वर हा गडी स्वतः पाच-सहा वेळा समुद्र बघून आलेला. किनाऱ्यावरच्या गावांत वाजवायला जायचा, परत आला की तूबा उलटा करून अंगणात वाळू ओतायचा. ती वाळू झाडायची दुवीने. एदुविहेसला आम्ही सगळे दुवीच म्हणतो.

माझी मक्याची गिरणी त्यांच्या भिंतीला लागून आहे आणि दुवी माझ्या धाकट्याची धर्ममाता आहे. त्यामुळे त्यांच्या घरात काय शिजतं ते मला वासाआधी आवाजाने कळतं. त्या दिवशी तर मी त्यांच्याच चुलीपाशी बसले होते.

"येत्या वर्षात मी समुद्र बघणार," दुवी म्हणाली. "तारीख आज ठरली पाहिजे. फेब्रुवारी."

तिच्या सासूबाई, दोन्या त्रान्सितो, घेवडा निवडत होत्या. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने दोन्या म्हणतात, पुरुषाला दोन. त्यांना सगळे संत तोंडपाठ. डोळे वर न करता म्हणाल्या, "दोन तारखेला बाळ येशूला पाळण्यातून उठवायचं. गावाला मक्याचे वाफवलेले तमाले कोण घालणार? मग कार्निव्हल."

"मार्च?"

"उपासाचे दिवस. देव तिकडे दुःखात, आणि तू लाटांत उड्या मारणार?"

"मग ईस्टरच्या आठवड्यात. सगळा देश जातो."

"म्हणून तर नको," क्रिसोफोरो बोलला. "तेव्हा पाणी दिसत नाही, नुसती ढुंगणं दिसतात."

"मे महिना?"

"तीनला गवंड्यांचा क्रूस, दहाला आयांचा दिवस," सासूबाई म्हणाल्या. "आईच्या दिवशी आईला टाकून जाल?"

"सासूबाई, आई मीपण आहे."

"तू अजून नवीन आहेस."

जून-जुलैत संतांची रांगच लागते. ऑगस्टमध्ये आमचा स्वतःचा बार्तोलो. सप्टेंबरात देशाचं स्वातंत्र्य, आणि तूब्याशिवाय देश स्वतंत्र झाल्यासारखा वाटत नाही, असं क्रिसोफोरोचं प्रामाणिक मत. ऑक्टोबर अख्खा मेलेल्यांच्या पाहुणचाराच्या तयारीत जातो. डिसेंबरचं तर दुवीने नावच काढलं नाही.

"आणि नोव्हेंबर?" मी विचारलं. "मेलेली मंडळी दोन तारखेला परत जातात. वाजवणाऱ्यांची सान्ता सेसिलिया येते बावीसला. मध्ये काय आहे?"

घेवड्याची शेंग सासूबाईंच्या हातात तशीच राहिली. "अकराला सान मार्तीन," त्या जरा चाचरत म्हणाल्या.

"तो शेजारच्या गावाचा," दुवी ताडकन म्हणाली. "त्यांनी बँडला गार जेवण वाढल्यापासून आपण त्यांच्याशी बोलत नाही."

सगळ्या वर्षात तेवढी एक फट सापडली. दुवीचा चेहरा असा फुलला की मलाच गहिवरून आलं. पण क्रिसोफोरो डोकं खाजवू लागला. "जायचं, पण सांगायचं काय? लग्न नाही, मयत नाही, नवस नाही. दोन फुल्हेन्सिओ सोडेल मला? म्हणेल, मागे कोणी मेलं तर वाजवणार कोण?"

दोन फुल्हेन्सिओ त्या वर्षी उत्सवाचा कारभारी होता. छातीवर पट्टा लावून झोपत असावा, असा माणूस. त्याच्या परवानगीशिवाय बँडवाल्याने शिंकायचंही नाही.

तिसऱ्या दिवशी दुवीने माझ्या गिरणीतून फादर आन्सेल्मोंना फोन लावला. हे आमच्याकडे पूर्वी पाद्री होते. डोंगरातल्या थंडीने गुडघे धरले म्हणून त्यांची बदली पुंता गार्सा नावाच्या कोळ्यांच्या गावात झाली होती.

"फादर, तुमच्या देवळात संत कोण?"

"सान आन्द्रेस. का गं?"

"म्हणजे आमच्या बार्तोलोसारखेच येशूचे शिष्य. दोघं एका पंगतीला जेवलेले. इतक्या वर्षांत एकदा भेट नको व्हायला?"

फादर तिला ओळखून होते. "दुवी, तुला काय पाहिजे ते सरळ सांग."

"समुद्र."

"अगं, मग संताला कशाला मध्ये घालतेस? खोटं बोलायला लावतेस मला?"

"खोटं कशाला? खरंखुरं आमंत्रण द्या. आमची ती लहान मूर्ती, कारभारी, चार वाजवणारे आणि मी. एका गाडीत मावतो. तुमच्यासाठी मोले घेऊन येते."

फादरना दुवीच्या हातच्या मोलेची, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांच्या त्या दाट रश्श्याची, आठवण कितपत छळत होती, ते त्यांच्या आवाजावरून कळलं. "टर्कीवर घातलेलं?" त्यांनी विचारलं.

आमंत्रण आलं. दोन फुल्हेन्सिओने ते प्रार्थनेनंतर उभं राहून वाचलं. वाचता वाचता त्याला भरून आलं. हे आमंत्रण आपल्यालाच आलंय, संत फक्त सोबतीला आहे, असा त्याचा समज झाला होता. "सान बार्तोलो पहिल्यांदा समुद्र बघणार!" तो म्हणाला. "अशा वेळी आपलं गाव घरी बसणार आहे का?"

"नाही!" गाव ओरडलं.

मी दुवीकडे बघितलं. ती दूध उतू गेल्यावर बाई चुलीकडे बघते तशी बघत होती.

नोव्हेंबर आला तेव्हा एका गाडीच्या तीन बस झाल्या होत्या. बँड अख्खा. टपावर खुर्च्या, कढया, लाकडं आणि पाय बांधलेल्या जिवंत टर्क्या. मूर्ती पहिल्या बसमध्ये, पुढच्या सीटवर, पट्टा लावून. शेजारी दोन्या त्रान्सितो. त्या वाटभर संताला सांगत होत्या, "वळण आहे हं. घट्ट धरा." आणि सगळ्यांच्या मते, ज्या बाईने हे नातं जुळवलं ती या भेटीची धर्ममाता. धर्ममातेने काय करायचं? पाहुणे-यजमान सगळ्यांना मोले घालायचं.

"दुवे, तुला फक्त घरच्या चौघांच्या स्वयंपाकातून सुटका हवी होती," ती बसमध्ये माझ्या कानात म्हणाली. अर्थात दुवी तीच. रागावली की ती स्वतःलाच हाक मारते.

पुंता गार्साने फटाके फोडून स्वागत केलं. सान आन्द्रेसना वेशीवर आणलं होतं. दोन्ही मूर्ती एकमेकींसमोर तीनदा वाकवल्या, बँड घुमला, बायका रडल्या. मग दुवीला देवळामागच्या स्वयंपाकघरात नेलं. तिथून समुद्र दिसत नव्हता. ऐकू मात्र यायचा, भिंतीपलीकडे कोणी तरी सारखं घोरत असल्यासारखा.

पहिला दिवस मिरच्या भाजण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुवी कढईपाशी, हातात वल्ह्याएवढा लाकडी डाव. मोले हलवायचं थांबलं की खाली लागतं. तिसऱ्या दिवशी उजाडता निघायचं होतं. पोरं भिजून यायची, पुरुष भिजून यायचे, आणि विचारायचे, "झालं का?"

दुपार कलल्यावर दोन्या त्रान्सितो काठी टेकत आत आल्या. "काय गं, समुद्र म्हणतात तो कुठे ठेवलाय? मला दोन दिवस मासे आणि पाद्रीच दिसतायत."

दुवीने सासूकडे बघितलं. तेवढ्यात दोन फुल्हेन्सिओ दारात येऊन सांगू लागला, की पाहुण्यांसमोर गावाची अब्रू या कढईत आहे, आणि—

"बरोबर," दुवी म्हणाली, आणि डाव त्याच्या हातात दिला. "म्हणून सोडू नका. हलवत राहा, खाली लागेल."

सासूचा हात धरून ती निघाली. मी मिरच्यांचे हात पुसले न पुसले आणि मागे लागले. माझ्यामागे बाकीच्या बाया. चौकात बँड संतांपुढे वाजवत होता. क्रिसोफोरोने बायकोला अॅप्रनसकट समोरून जाताना पाहिलं. ती त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. भजनाच्या ऐन मध्यात तो रांगेतून बाहेर पडला आणि तूबा वाजवतच तिच्यामागे चालू लागला, कारण सूर अर्ध्यात सोडणं त्याच्या रक्तात नाही.

वाळू संपली तिथे दुवी थांबली. पाणी तिच्या पायांपर्यंत आलं, मागे गेलं, परत आलं. मग म्हणाली, "हा तर हलतोय सारखा."

"मग काय मोले आहे का, हलवावं लागायला?" सासूबाई म्हणाल्या.

दुवी हसायला लागली आणि हसताहसताच पाण्यात शिरली. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. पहिल्या लाटेने तिला बसवलं. क्रिसोफोरो तिला उचलायला धावला, तूब्यासकट. दुसरी लाट थेट कर्ण्यात शिरली. जो आवाज निघाला तो मी चांगल्या घरात सांगणार नाही. दोघं पाण्यात बसली, मध्ये पितळी अजगर, आणि क्रिसोफोरो खाली मान घालून म्हणाला, "उशीर झाला गं."

"झालाच," दुवी म्हणाली. "आता उठवू नकोस मला."

दोन फुल्हेन्सिओ कढई सोडू शकला नाही. गावाची अब्रू होती ना. पण त्याला मध्येच भाषणाची आठवण झाली असावी, कारण मोले तळाला चांगलंच लागलं. किनाऱ्यावरची माणसं भली. त्यांनी दोनदा वाढून घेतलं, आणि हा धुराचा स्वाद डोंगरात कसा आणतात, ते विचारलं. फादर आन्सेल्मोंनी एक घास खाऊन दुवीकडे पाहिलं आणि डोळे मिटून पुढचा घास घेतला.

निघताना तिथल्या कारभाऱ्याने टोपी काढली. "सान आन्द्रेसवर भेटीचं ऋण झालं. पुढच्या नोव्हेंबरात आम्ही तुमच्याकडे. त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही परत. आणि हे असंच चालू दे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी दुवीकडे पाहिलं. वर्षातली एकुलती एक रिकामी फट तिने स्वतःच्या हाताने लिंपून टाकली होती.

पुढच्या वर्षी ते आले, शंभराच्या वर. दुवीने सगळ्यांना जेवू घातलं, न लागलेलं. त्यांना ते जरा फिकं वाटलं.

पण बाई कच्च्या गुरूची चेली नाही. त्यानंतर जायची पाळी आली तेव्हा तिने बैठकीत उभं राहून सांगितलं, की संत पोचण्याआधी धर्ममातेने पुढे जाऊन जागेची तयारी करायची असते. असं असतं हे कोणी ऐकलं नव्हतं, पण नसतं असंही कोणाला म्हणता येईना. जड सामान हलवायला नवरा लागतो. एक वडीलधारी बाई लागते. तिखट-मीठ बघायला मी लागते.

आठवडाभर तयारी चालली. सकाळी आम्ही पाण्यात बसून तयारी केली, दुपारी नारळाच्या झाडाखाली झोपून केली. दोन्या त्रान्सितो खुर्ची पाण्यात टाकून बसायच्या आणि लाट आली की तिलाच दरडावायच्या. बस यायच्या आदल्या दिवशी दुवी वाळूवर पसरून म्हणाली, "अजून बरंच काम राहिलंय गं. पुढच्या खेपेला दहा दिवस आधी यावं लागेल."