कोठीतली पाहुणी

एक्केचाळीस. दाराची बेल वाजली तसा वेरित्सानं मनातल्या मनात आकडा पुढे सरकवला. अजून एक माणूस, म्हणजे अजून तीन मुके. उजवा गाल, डावा, पुन्हा उजवा. मग हातातलं ताट पुढे करायचं. साखर-अक्रोड घातलेले उकडलेले गहू. पाहुणा एक चमचा तोंडात टाकणार, तुझं घर भरलेलं राहो म्हणणार. आणि तिनं हसायचं.

संत निकोलाच्या दिवशी आमंत्रण कुणालाच नसतं. दार उघडं असतं, यायचं तो येतो. कुळाच्या संतापुढे मेणबत्ती जळत असेपर्यंत यजमान बसत नाही आणि पाहुण्याला नाही म्हणत नाही. सासरे गेल्या हिवाळ्यात वारले आणि सण ल्युबिशाकडे, तिच्या नवऱ्याकडे आला. म्हणजे मान त्याला आणि ताट तिला.

सकाळी टाय बांधता बांधता ल्युबिशानं सौदा पुन्हा ऐकवला होता.

"आजचा दिवस माणसासारखी वाग. तमाशा नको. संध्याकाळी सही करतो."

सही नेदाच्या कागदावर हवी होती. नेदा त्यांची लेक, सहा वर्षांची. गर्दीत कान झाकायची, बोटं फडफडवायची, कुणी धरलं की किंचाळायची. वेरित्सा लहानपणी हेच करायची आणि त्यासाठी मार खायची. तिचं स्वतःचं काय ते कळायला अडतीस वर्षं गेली. मार्चमध्ये नीश शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तुम्हाला ऑटिझम आहे. ती गाडीत बसून रडली, पण दुःखानं नाही. हनुवटी धरून "डोळ्यांत बघ" म्हणत थोबाडणाऱ्या शाळेतल्या बाई आठवल्या, तिला "थंड" म्हणणारं सगळं लेस्कोवात्स गाव आठवलं आणि अंगाचा तिळपापड झाला. अडतीस वर्षं तिनं त्या लोकांचं खरं मानलं होतं!

लेकीचं असं होऊ द्यायचं नव्हतं. तपासणीला आई-बाप दोघांची सही लागते. मुदत सोमवारपर्यंत. ल्युबिशा म्हणाला होता, "घरात एक येडी पुरे."

म्हणून ती सकाळपासून हसत होती. तळलेल्या माशांचा वास नाकात खुपत होता. खोलीत चाळीस माणसं एकदम बोलत होती. कागद एप्रनच्या खिशात घडी करून ठेवलेला. तासातासानं ती त्याच्यावर हात ठेवायची.

"सासूबाई कुठायत तुझ्या?" शेजारणीनं विचारलं.

"कोठीत. वाईन बघायला."

"दर वर्षी अर्धा तास वाईन बघते बाई ही! पिते की मोजते?"

सगळ्या खिदळल्या. तेवढ्यात बेचाळीसावा आला, तिहोमिर, अकॉर्डियन वाजवतच. तो त्यांच्या लग्नातला साक्षीदार आणि नेदाचा धर्मपिता, बाप्तिस्म्याला तिला हातात धरणारा. त्याला या घरात देवाखालोखाल मान.

"माझी पोर कुठंय? धर्मपित्याला मुका नाही?"

नेदा टेबलाखाली होती. टेबलक्लॉथ खाली लोंबत होता, आत ती कान झाकून बसलेली. तिहोमिरनं अकॉर्डियन बाजूला ठेवला, वाकून तिचा पाय धरला आणि ओढलं.

"ये गं ये, लबाड!"

नेदा किंचाळली. लोक हसले. त्यानं तिला उचलून छातीशी दाबलं आणि एक गाल, दुसरा गाल... तिसऱ्याला ती त्याच्या हाताला कडकडून चावली.

तो ओरडला, पण पकड सोडली नाही.

"आईवर गेलीय," कुणीतरी म्हणालं.

वेरित्सानं ल्युबिशाकडे बघितलं. तो नुसती मान हलवत होता. गप्प राहा. ताट धर. हस. सही फक्त चार तास लांब होती. आणि तिहोमिर अजून पोरीला सोडत नव्हता. "सॉरी म्हण, मग सोडतो!"

तिनं ताट खाली ठेवलं.

"सोडा तिला."

"अहो वहिनी, धर्मपिता आहे मी तिचा."

"संत असलात तरी सोडा. तिला नकोय."

त्यानं सोडलं. ल्युबिशा तिच्या कानाशी आला. "झालं. सही विसर."

ती लेकीला घेऊन चालू लागली. पाय नेतील तिकडे, म्हणजे स्वयंपाकघरामागच्या कोठीकडे. दार ढकललं.

आत अंधार. कोबीच्या उलट्या पेटीवर भिंतीकडे तोंड करून देसांका बसली होती, तिची सासू. हात डोक्याच्या रुमालाखाली, कानांवर. ती पुढेमागे डुलत फळीवरच्या बरण्यांची नावं पुटपुटत होती. "मिरची, मिरची, काकडी, प्लम, प्लम..."

नेदा उतरली आणि रोजची जागा असल्यासारखी तिच्या पायाशी जाऊन बसली.

"दार लाव," देसांका म्हणाली.

"आई, वाईनचं पिंप अंगणात आहे."

"पन्नास वर्षं माहितीय मला. तुझ्या सासऱ्याला नाही कळलं कधी."

वेरित्सानं दार ओढून घेतलं. "चौदा वर्षं तुम्ही मला लाकूड म्हणालात. सगळ्यांसमोर!"

"म्हणाले." देसांका वळली नाही. "मी सगळं गिळलं. तू गिळत नव्हतीस. राग यायचा मला."

माफी नाही, काही नाही. बाहेर कुणीतरी अकॉर्डियन पुन्हा सुरू केला आणि तिघींचे खांदे एकदमच आक्रसले.

"त्या कागदानं पोरीला कोंडतात का?"

"नाही. तिचं काय ते शाळेला कळेल. कान झाकले तर कुणी मारणार नाही."

देसांकानं नेदाच्या फडफडत्या बोटांकडे बघितलं. मग हात पुढे केला. "आण."

देसांका कागद घेऊन बाहेर गेली. वेरित्सा नेदाला धरून कोठीच्या दारात उभी राहिली.

"ल्युबिशा, मेणबत्ती जळतेय ना?"

"जळतेय की. का गं आई?"

"गेल्या वर्षापर्यंत हा सण तुझ्या बापाचा होता. आता तुझा. म्हणजे आज मी इथं पाहुणी. पाहुणी मागतेय, सही कर."

"आई, लोकांसमोर काय हे..."

"लोकांसमोरच. का, पाहुणीला नाही म्हणतोस?"

चाळीस जणांचे चमचे थांबले. तिहोमिर हाताला नॅपकिन गुंडाळून बसला होता. "कर की रे बाबा," तो म्हणाला. "संत बघतोय. आणि मला परत चावायला नकोय कुणी."

ल्युबिशानं माशांच्या ताटाशेजारी कागद ठेवला आणि पेन जवळजवळ रुतवूनच सही केली. प्रेमानं नाही, चारचौघांच्या भीतीनं. कागदावर तेलाचा डाग पडला. भीती काय, डाग काय, वेरित्साला दोन्ही चालणार होतं.

बेल वाजली. त्रेचाळीस.

तिनं गव्हाचं ताट उचललं आणि नवऱ्याच्या हातात दिलं.

"उजवा, डावा, उजवा," ती म्हणाली. "आणि हसायला विसरू नकोस."

मग कागद खिशात घातला, लेकीला आणि सासूला आत घेतलं, कोठीचं दार लावलं.