कोरडी मूठ

"धरली! काठी धरली!"

सारसोळ्याच्या जेटीजवळ, एरवी जिथे जाळी वाळत घालतात त्या मोकळ्या जागेत, निळ्या ताडपत्रीचा मांडव घातला होता. त्याखाली दोनशेच्या वर माणसं एका बाळाच्या मुठीकडे बघत होती. निम्म्यांचे मोबाइल वर धरलेले, बाकीच्यांचे हात जोडलेले.

मुठीत बोटाएवढी चंदनाची काठी होती. काठीचं दुसरं टोक बाबासो महाराजांच्या चिमटीत. ते ती हलकेच ओढत होते आणि बाळाची इवलीशी बोटं काठी सोडत नव्हती.

"बघा माउलींनो! डाक्टर म्हणतंय, ह्या हाताची नस गेली. आरं, नस गेलेला हात काठी धरतोय व्हय?"

"नाय!" मांडव ओरडला.

"सायन्सचं नेटवर्क जिथं जातं, तिथं आमचा टावर लागतोय! काठी चंदनाची. पण ताकद कुणाची?"

"बाबासोंची!"

"फुकट करतात हो," शेजारची बाई मला म्हणाली. "एक पैसा नाही घेत. मग खोटं कशाला बोलतील?"

बाबासो पैसे घेत नसत, हे खरं होतं. ते दिवस घेत. मूठ मिटली की बाळाचा हात लाल फडक्याने छातीशी बांधायचा, चाळीस दिवस सोडायचा नाही, डॉक्टरला दाखवायचा नाही. चाळीस दिवसांनी पुन्हा काठी, पुन्हा फडकं.

माझ्या खांद्यावरच्या पिशवीत आईने छापून घेतलेली पत्रकं होती. आई जाऊन आठ महिने झाले होते. तिचं नाव पुतळा. तिचा उजवा हात जन्मापासून अधू होता: खांद्यातून आत वळलेला, तळवा मागे. जन्मताना खांदा अडकला, बाळाला बाहेर काढताना मानेतून हातात जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या. अशा वेळी खांदा आणि कोपर लुळं पडतं. बोटांच्या नसा पुष्कळदा शाबूत राहतात. हे आईला कळलं तेव्हा ती चाळिशीची होती. लहानपणी तिच्या कोकणातल्या गावात भगताने तिच्या मुठीत सुपारी ठेवली होती. तिने ती धरली. हात बरा झाला म्हणून घरच्यांनी नवस फेडला आणि डॉक्टरचं नाव पुन्हा काढलं नाही.

त्या हाताने आई लिहायची, पिशवी धरायची, पण तो खांद्याच्या वर जात नसे. माझी वेणी घालताना ती पलंगावर बसायची आणि मला खाली जमिनीवर बसवायची. सगळ्या मुलींच्या आया असंच करतात, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

निवृत्त झाल्यावर तिने नेरूळला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारच्या बैठका सुरू केल्या. आफरीन नावाची फिजिओथेरपिस्ट यायची, अशा मुलांचे आईबाप यायचे. सगळे मिळून अंगणवाड्यांत जायचे, प्रसूतिगृहांच्या बाहेर पत्रकं वाटायचे. आई गेल्यावर तीन रविवार मी हॉल उघडला, खुर्च्या मांडल्या. चौथ्या रविवारी आफरीनची ड्युटी होती. मी एकटीच होते. खुर्च्या पुन्हा रचून ठेवल्या आणि त्यानंतर गेले नाही. मग एके दिवशी आफरीनने या मांडवाचा व्हिडिओ पाठवला. खाली एकच ओळ होती: "ताई, काकू असत्या तर गेल्या असत्या."

म्हणून मी आले होते. आल्यापासून एकही पत्रक पिशवीतून काढलं नव्हतं.

बाळाला कुशीत धरलेली आजी लाल फडकं घेऊन पुढे झाली. हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. सुंदराबाई. बाळाची आई मागे उभी होती, विशीतली, जाई नावाची. आपल्याच बाळापासून चार पावलं लांब, जणू तिला तिथे उभं राहायची परवानगी नव्हती.

"बाबासो, हिलाच इचारा," सुंदराबाई म्हणाल्या. "ग्रहनात घरान बस सांगतलेला, तर ही ओट्यावर सुका जवला निवडत बसली! माज्या नातवाचा हात हिनं घालवला."

बाबासोंनी डोळे मिटून मान डोलावली. "ग्रहण लागलंय. आम्ही सोडवू. चाळीस दिवस लागतील."

"किती महिन्यांचा आहे?" मी जाईला हळूच विचारलं.

"तीन पुरे झाले."

तीन महिने. आईच्या पत्रकावर हा आकडा ठळक छापलेला होता. बऱ्याच बाळांच्या नसा पहिल्या काही आठवड्यांत आपोआप सावरतात. बाबासोंच्या मांडवात बरी झालेली बाळं ती हीच. पण तीन महिन्यांत कोपर वाकलं नाही, तर नसांच्या तज्ज्ञाला दाखवावंच लागतं. काहींना शस्त्रक्रिया लागते आणि तिची वेळ निघून गेली की परत येत नाही. आईची गेली होती.

आई नव्या आयांना एकच प्रश्न विचारायची. मी तो विचारला.

"जाई, तो कुठली मूठ चोखतो?"

तिने चमकून माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, "डावी. ती सारखी ओली असते. उजवी कोरडीच." आणि पुढे म्हणाली, "मी सासूबाईंना बोलले व्हते. त्या बोलल्या, उजवा हात देवाचा, तो तोंडात घालत नाय."

तीन महिने तिला माहीत होतं. तिला विचारलंच नव्हतं कुणी.

मी पुढे गेले. माझा आवाज चढत नाही. त्यामुळे पहिल्यांदा कुणी ऐकलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, "बाबासो, हे पेन त्याच्या मुठीत देऊ का?"

"कोन हाय गो तू?" सुंदराबाईंनी विचारलं.

"नेरूळची. माझ्या आईचा हात असाच होता."

मी माझ्या साध्या निळ्या पेनाचा मागचा भाग बाळाच्या उजव्या तळव्याला लावला. बोटं मिटली. पेन घट्ट धरलं.

"आयला, पेन पन धरला!" मागून कुणीतरी म्हणालं.

बाबासो हसले. "धरणारच की! आमच्या मांडवातलं पेनबी भारलेलं असतंय, पोरी."

मी पेन सोडवलं आणि बाळाच्या तळपायाला बोटांच्या खाली टेकवलं. पायाची पाचही बोटं त्याच्यावर वळली.

आता हसू आलं. "बाबासो, पायात पन टावर हाय काय?"

"या वयाच्या कुठल्याही बाळाच्या तळव्याला काहीही लावा, ते धरतं," मी म्हणाले. "ते त्याच्या मनावर नसतं, काठीवर तर नाहीच. इथे अजून कुणाकडे तान्हं बाळ आहे?"

दोन बायका पुढे आल्या. एकीच्या मुलीने घराची किल्ली धरली, दुसरीच्या मुलाने स्वतःच्या मावशीचं करंगळीएवढं गाजर. मावशी भाजी घेऊन थेट इथे आली होती. बाबासोंचा एक शिष्य स्पीकरवर भजन लावायला धावला. कुणीतरी त्याला म्हणालं, "थांब रे, जरा बघू दे."

"मूठ म्हणजे हात नव्हे," मी म्हणाले. "दुखापत वर आहे, मानेजवळ. तुम्ही सगळे खाली बघताय."

बाबासोंचा स्वर बदलला. "श्रद्धा नसलेल्या बाईची सावली पडली की गुण जातो. सुंदराबाई, फडकं बांधा. नाहीतर मी जबाबदार न्हाई."

सुंदराबाईंनी फडकं उचललं. त्या दुष्ट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. आई असती तर काहीतरी बोलली असती.

तेवढ्यात जाईने चार पावलं पार केली आणि बाळाला आजीच्या हातातून घेतलं.

ती खाली बसली आणि बाळाला समोर सतरंजीवर निजवलं. बाळ भुकेलं होतं, कुरकुरत होतं. डावी मूठ तोंडाकडे निघाली. जाईने ती हलकेच आपल्या हातात धरून ठेवली.

बाळाने तोंड उघडलं. मान उजवीकडे वळवली. ओठांनी आपल्या उजव्या खांद्यापाशी शोधलं, पुन्हा शोधलं. उजवा हात सतरंजीवर सरळ पडून राहिला, तळवा मागे. बोटं मिटत होती, उघडत होती. हात उठला नाही.

मोबाइल खाली आले. बाळ रडायला लागलं.

"बाबासो," जाई म्हणाली, "बोलवा ना त्याचा हात. काठीनं बोलवा."

बाबासो आसनावरून उठले. पूजेची वेळ झाली म्हणाले. वाटेत माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या आईचंबी आसंच झालं आसंल, अश्रद्धेनं."

"नाही," मी म्हणाले. "तिच्या घरच्यांची श्रद्धा होती. सुपारीवर."

जाईने डावी मूठ सोडली. ती लगेच तोंडात गेली. सुंदराबाई बाजूला उभ्या होत्या, फडकं हातातच. त्यांनी विचारलं, "मंग ग्रहनाचा काय?"

"ग्रहण होतं तेव्हा तुमच्या गावात पोटुशा बायका किती होत्या?"

त्यांनी मनातल्या मनात आठवलं. "सा-सात आसतील."

"बाकीच्यांच्या पोरांचे हात कसे आहेत?"

त्या जाईशेजारी खाली बसल्या आणि फडक्याने बाळाची लाळ पुसली.

आफरीनला फोन लावला. तिने दुसऱ्याच दिवशी तिच्या रुग्णालयात बोलावलं. बाळाला घेऊन सासूसुना दोघीही आल्या. हात पूर्ण बरा होईल असं तिथे कुणीही सांगितलं नाही. सांगितलं ते इतकंच: हात बांधायचा नाही, व्यायाम असा द्यायचा, आणि तज्ज्ञाची तारीख ही. पुढे शस्त्रक्रिया झाली. मग पुष्कळ महिने काहीच घडलं नाही. नस दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वाढते. चमत्कारासारखी तिला घाई नसते.

मी रविवारी पुन्हा हॉल उघडते. कधी चारजण येतात, कधी जाई एकटी येते. परत घरी येते तेव्हा कुलूप मीच उघडते. आमच्या घरात देव्हारा नव्हता, पुस्तकांचं कपाट होतं. आई तिथे उभी राहून विचारायची, "किती आले होते?" हल्ली मी ते कपाटाला सांगते.

गेल्या आठवड्यात सुंदराबाईंचा आवाज आला, मोबाइलवर पाठवलेला. मागे भांडी वाजत होती. "पोरी, आयक. आज मांदेलीचा तुकरा त्यानं उजव्या हातान तोंडात घातला. खांदा वर जात नाय अजून. पन तोंडापरेंत आला. बोटा ओली हायत."

मी तो संदेश तीनदा ऐकला. मग केस विंचरायला बसले. अजून जमिनीवरच बसते.

तुमच्या घरात किंवा शेजारी तान्हं बाळ असेल, तर एवढं करा. दुपटं सोडा आणि दोन्ही हात हलतात का बघा. एक लुळा वाटला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. तिसऱ्या महिन्यात दोन्ही मुठी आपल्या हातात घेऊन बघा. एक ओली, एक कोरडी असेल, तर थांबू नका. ग्रहणाला दोष देऊ नका, आईला तर नकोच. तिला विचारा. बहुधा तिला आधीपासून माहीत असतं.