कोर्ट उठेपर्यंत

"हुकूम मालूम नव्हता, एवढंच म्हणा," वसंतराव वकिलांनी पुन्हा एकदा बजावलं. "बाकी मी पाहून घेतो."

कुर्बानमियाँनी मान हलवली. अकोल्याच्या कोर्टाच्या ओसरीत ते भिंतीला टेकून उभे होते. क्लॅरिनेट वाजवून वाजवून खालच्या ओठावर कायमचा वळ पडला होता. अर्धं आयुष्य त्यांनी अब्दुल गफ्फारच्या बँडमध्ये लोकांच्या वरातींपुढे चालण्यात घालवलं. गफ्फारनं कालच निरोप धाडला होता, सजा झाली तर बँडमध्ये घेता येणार नाही. पोलिसांचा परवाना मलाही सांभाळायचा आहे.

बायको रहिमाबी दूर पायरीवर बसली होती. समन्स आल्यापासून ती त्यांच्याशी बोलत नव्हती.

घडलं होतं ते एवढंच. गावात दगडफेक झाली आणि सरकारनं जमाव, मिरवणुका, वाद्यं, सगळ्यांवर बंदी घातली. नेमकं त्याच आठवड्यात जठारपेठेतल्या देवीदास शिंप्याच्या ललिताचं लग्न. ते घरातल्या घरात उरकलं. भर दुपारी पाठवणी निघाली, तर दारात पोलीस आणि पाहुणे खाली माना घालून उभे. शेजारचे कुर्बानमियाँ ओट्यावरून पाहत होते. पोरगी टांग्याकडे निघाली तसे ते घरात गेले, क्लॅरिनेट घेऊन आले आणि टांग्यापुढे वाजवत चालू लागले. नाक्यावर पोलिसानं त्यांचा दंड धरला तेव्हा थांबले.

पुकारा झाला. मॅजिस्ट्रेटनी कागद वाचून वर पाहिलं.

"बंदीहुकूम तुम्हाला माहीत होता?"

कुर्बानमियाँनी वकिलांकडे पाहिलं, मग समोर.

"मालूम होता, साहेब. दवंडी माह्या दारापुढूनच गेली."

वसंतरावांनी डोळे मिटून घेतले.

"मग वाजवलंत कशाला?"

"ललिता एवढीशी होती तवापासून पाहून राहिलो, साहेब. बोलाले लागली का गल्ली डोक्यावर घे. त्या दिवशी चोरावानी निघाली. रडतबी नव्हती. मले पाहवलं नाही. मी वाजवलं, तवा तिले रडू आलं. मोकळी रडली, साहेब."

"त्यानं गर्दी जमली असती, पुन्हा दगड पडले असते. कोणाचं डोकं फुटलं असतं म्हणजे?"

"ते चुकलंच. त्याची माफी मागतो."

मॅजिस्ट्रेट बराच वेळ लिहीत राहिले. मग म्हणाले, "गुन्हा कबूल. कोर्ट उठेपर्यंत कैद."

कुर्बानमियाँना शेवटचा शब्दच ऐकू आला. त्यांनी कठडा घट्ट धरला. वसंतराव कानाशी लागले, "जेलात नाही हो. इथंच बाकावर बसायचं. साहेब उठले का घरी."

"पन सजा तं झाली ना?"

"झाली."

म्हणजे बँड सुटला. ते बाकावर जाऊन बसले. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी ते मांडीवर ठेवले.

थोड्या वेळानं रहिमाबी आत आली आणि त्यांच्याशेजारी बसली. कोर्टाचा शिपाई लगबगीनं आला. "बाई, सजा यांले हाय, तुमाले नाही. बाहेर बसा."

"मले मालूम हाय," ती म्हणाली आणि उठली नाही.

मॅजिस्ट्रेटनी ते पाहिलं आणि पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं.

बऱ्याच वेळानं तिनं हळूच विचारलं, "खरंच रडली का पोरगी?"

"लय रडली."

"मंग बरं झालं," रहिमाबी म्हणाली आणि त्यांच्या बाजूला सरकली.

उन्हं कलली. कुठल्या तरी बांधाच्या भांडणाचे साक्षीदार येत होते, जात होते. कितीतरी रात्रींची न झालेली झोप कुर्बानमियाँच्या डोळ्यांवर आली आणि त्यांचं डोकं बायकोच्या खांद्यावर कललं. चारचौघांत असं कधी घडलं नव्हतं. तिनं पदर नीट केला, पण खांदा हलवला नाही.

साहेब उठले तसे सगळे उभे राहिले. रहिमाबी बसूनच होती. शिपाई तिला उठवायला निघाला, तर साहेबांनी हातानंच त्याला थांबवलं आणि पावलांचा आवाज न करता ते आत निघून गेले.