डाव्या मडगार्डवरची खपली

मित्रांनो, आधी जरा खिडक्या उघडा. मी जे सांगणार आहे त्याला एक वास आहे, आणि तो आठवला की मी अजून नाक मुरडते. नाक म्हणजे बोनेट, असं समजा. मी विलायतेत बनलेली, दोनच माणसांची, जुनी स्पोर्ट्स गाडी आहे. माझं सगळं अंग पत्र्याचं. निदान जन्माला आले तेव्हा तरी सगळं होतं.

मी दिसायला सुंदर होते. हे मीच सांगते, कारण आता दुसरं कोणी सांगत नाही. लांब नाक, बुटकी काच आणि चाकांवरून हळूच खाली उतरणारे गोल मडगार्ड. मँगनीजच्या खाणींवरचा एक गोरा साहेब मला नागपुरात घेऊन आला आणि चौसष्ट साली मायदेशी परतताना मनोहरराव वकिलांना विकून गेला. वकीलसाहेब संध्याकाळी पत्नीला, कुसुमताईंना, शेजारी बसवून मला फुटाळा तलावाकडे फिरायला न्यायचे. रस्त्यावरची पोरं मला पाहून ‘बेडकी आली, बेडकी आली’ म्हणून ओरडायची. मला राग यायचा नाही. बेडकी निदान आपल्या स्वतःच्या कातडीत असते.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात वकीलसाहेबांना काय बुद्धी झाली, त्यांनी मला साड्यांच्या खरेदीसाठी इतवारीत नेलं. ज्या गल्लीत माणसाला अंग चोरून चालावं लागतं, तिथे गाडी कशाला न्यायची? लोखंडी सळ्यांनी भरलेला एक हातठेला सुटला आणि थेट माझ्या डाव्या मडगार्डमध्ये घुसला. मडगार्ड दुमडून चाकात गेला. विलायतेहून नवा मागवायचा तर अर्ज, परवाने आणि दोन वर्षांची वाट. तेव्हा कोणीतरी सुचवलं, इतवारीतल्याच चंपतराव डेंटरकडे जा.

चंपतरावांचं घराणं विणकरांचं. घरात माग अजून उभा होता, पण त्यावर पोट भरेना म्हणून त्यांनी पत्रा हातात धरला होता. त्यांनी माझा चुरगळलेला मडगार्ड उलटसुलट करून पाहिला.

“वकीलसाहेब, हा जुळत नाही. नवाच करा लागते.”

“तुमच्या हातून होईल?” वकीलसाहेबांनी शंकेने विचारलं.

“होईल. पण तीन हप्ते इकडे फिरकू नका. मले कोणी घाई केली का हात बिघडते.”

मित्रांनो, ते तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस होते. त्यांनी एक सपाट पत्रा घेतला. बाभळीच्या ओंडक्यात खळगा कोरला, वाळूची पिशवी शिवली आणि हातोडीने तो पत्रा हळूहळू गोल करत आणला. दर थोड्या वेळाने ते डोळे मिटायचे आणि त्यावरून तळवा फिरवायचे. शेजारचा लोहार हसला तेव्हा ते म्हणाले, “सुताची गाठ बोटाले समजते, तर पत्र्याची काहून नाही समजणार गा?” डेंटरलोक खड्डे बुजवायला पुट्टी लावतात. चंपतरावांनी पुट्टीचा डबा उघडलासुद्धा नाही. पुट्टी लावली का खोटं बोलल्यावानी वाटते, असं त्यांचं म्हणणं होतं. मडगार्ड बसला तेव्हा विलायती कोणता आणि इतवारीचा कोणता, हे मला स्वतःला सांगता आलं नसतं.

मडगार्डच्या अगदी तळाशी त्यांनी करंगळी जाईल एवढं एक भोक ठेवलं. चाकाने उडवलेला चिखल आणि पाणी तिथून निघून जायचं. “हे भोक बुजू देऊ नका,” त्यांनी बजावलं. “पाणी आत थांबलं का मडगार्ड गेला समजा.”

बजावून ते थांबले नाहीत. दरवर्षी दसऱ्याला मला त्यांच्या दुकानी न्यायचं, असा त्यांनी दंडकच घातला. आधी हातोड्यांची पूजा, मग माझी. बोनेटवर हळदकुंकू, झेंडूचा हार, आपट्याची पानं. ते झालं की चंपतराव नवं धोतर सावरत सरळ जमिनीवर आडवे व्हायचे आणि सायकलच्या चाकाची तार त्या भोकात घालून फिरवायचे. वर्षभराचा काळा चिखल भदकन खाली पडायचा. तेरा दसरे हे असं चाललं.

एक्याऐंशी साली वकीलसाहेब गेले. त्याच वर्षी चंपतरावांच्या हाताला कंप सुटला. हातोडी धरवेना, म्हणून दुकान बंद करून ते मुलीकडे उमरेडला राहायला गेले. माझा डावा मडगार्ड आता पुन्हा कोणी घडवू शकणार नव्हतं. हे मला माहीत होतं. घरात मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही.

मी वकीलसाहेबांच्या मुलाच्या, भैयाजीच्या ताब्यात आले. त्याने प्रताप नगरात नवं घर बांधलं होतं. भैयाजीचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण त्याचं प्रेम हे असं, की आहे ती वस्तू आहे तशी त्याला बघवत नसे. आजोबांच्या सागवानी देव्हाऱ्याला त्याने सनमायका चिकटवला होता. दगडी पाट्याला ऑइलपेंट दिला होता. आता त्याच्या हाती एक परदेशी मासिक पडलं. त्यात शर्यतीच्या गाड्या होत्या, फुगवलेल्या मडगार्डच्या, पुढे हनुवटी आणि मागे शेपूट लावलेल्या. सगळं फायबरचं. भैयाजीने मासिकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला घाम फुटला.

कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत बाबूलाल नावाच्या माणसाचा छोटा कारखाना होता. तो फायबरच्या कूलरच्या टाक्या बनवायचा. ब्याऐंशीच्या मे महिन्यात मला तिथे नेलं. आधी माझा सगळा रंग खरवडून काढला, कारण नवा पिवळा द्यायचा होता. मग तो वास आला. फायबरचं ते चिकट रसायन डब्यात ढवळत होते. गोडसर, आंबूस, नाकात शिरून टाळूला चिकटणारा वास. काचेच्या बारीक तंतूंची चटई माझ्या अंगावर पसरायची आणि ब्रशने हे पातळ शेंबडासारखं रसायन तिच्यावर थापायचं, असा तो प्रकार. कामगार सारखे हात खाजवत होते. मला हात नाहीत. मी नुसती सहन करत होते.

टाकी बनवताना बाबूलाल लाकडी साच्याला मेण चोळायचा, म्हणजे सुकलेली टाकी सहज सुटून येते. माझा साचा कोण करत बसणार? भैयाजी म्हणाला, गाडीवरच थापा, सुकलं की काढा, कापून नीट करा आणि पुन्हा बसवा. म्हणजे मीच साचा! नेहमीचं मेण संपलं होतं, तर बाबूलालने मेणबत्त्या आणून माझ्या अंगावर घासल्या. आणि लवकर सुकावं म्हणून मला अंगणात उन्हात उभं केलं.

नागपूरचं मे महिन्यातलं ऊन, मित्रांनो! पत्र्यावर पाणी शिंपडलं तर चर्र होतं. माझी डावी बाजू पश्चिमेला होती. दुपारी तिच्यावरचं मेण वितळून टपटप खाली गळालं, आणि ते रसायन माझ्या उघड्या पत्र्याला जाऊन चिकटलं. जन्मभर कूलर विकणाऱ्या माणसाला ऊन किती तापतं याचा अंदाज येऊ नये, याला काय म्हणावं?

संध्याकाळी उजवीकडचा तुकडा सुटला. डावीकडचा सुटेना. पाचरी ठोकल्या, पहार घातली, शिव्या दिल्या. शेवटी बाबूलालने घाम पुसला आणि दात काढून म्हणाला, “भैयाजी, अच्छा ही हुआ. डबल मजबूत हो गया!”

“हो ना बावा,” भैयाजी म्हणाला. “राहू दे तसंच.”

उजवा तुकडा माझ्या अंगाला भोकं पाडून रिव्हेटने ठोकला. हनुवटी लावली, शेपूट लावलं, वर भडक पिवळा रंग फासला. आणि डाव्या बाजूचं रसायन गळत गळत तळाशी गेलं होतं, तिथे चंपतरावांचं भोक पार बुजून गेलं.

पुढे तीन पावसाळे आले. फायबर आणि पत्रा उन्हात सारखे फुगत नाहीत, त्यामुळे वरच्या कडेला बारीक फट पडली होती. तिथून पाणी आत शिरायचं, खालून चाक चिखल उडवायचं, आणि बाहेर जायला वाट नाही. आत पानं कुजली. झुरळं झाली. एक उंदरीण पिल्लं घालून गेली, त्यातलं एक आतच मेलं. त्याची दुर्गंधी कितीतरी दिवस माझ्या अंगात होती. खपलीखाली जखम सडत जावी तसा माझा पत्रा थराथराने सुटत होता, मला ते कळत होतं. आणि बाहेर लोक जमून म्हणत होते, “बाप्पा, काय मस्त दिसून राहिली गाडी!” त्या कौतुकाची मला जेवढी शिसारी आली तेवढी त्या मेलेल्या उंदराचीही आली नाही.

चौऱ्याऐंशीचा दसरा. चंपतराव उमरेडहून कुसुमताईंना सोनं द्यायला आले. आपट्याची पानं हातावर ठेवून त्यांनी पहिलं विचारलं, “बेडकी कुठं आहे?”

ते अंगणात आले आणि मला बघून थबकले. मग खिशातून तार काढली आणि त्या वयात, थरथरत्या अंगाने, जमिनीवर आडवे झाले. तार इकडे टोचली, तिकडे टोचली.

“भैयाजी, भोक कुठं गेलं गा?”

“ब्याऐंशीपासून फायबरखाली आहे काका. आता त्याची गरजच नाही. डबल झालं ना ते.”

चंपतरावांनी बोटाच्या पेराने मडगार्ड वाजवला. पत्र्याचा आवाज आला नाही. ओल्या पोत्यावर मारल्यासारखं वाजलं. ते उठून बसले. “हे खोला. आत्ताच्या आत्ता.”

“काका, रविवारी आमच्या क्लबची सजवलेल्या गाड्यांची स्पर्धा आहे. पहिला नंबर आपलाच येऊन राहिला. त्यानंतर खोलू ना, घाई काहून करता?”

“तीन पावसाळे झाले भोक बुजून. आन घाई मी करून राहिलो का?”

दोघंही आवाज चढवून बोलू लागले. भैयाजी म्हणाला, गाडी माझी आहे. चंपतराव म्हणाले, गाडी तुझी, पण मडगार्ड माहा आहे. कुसुमताई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या पायऱ्या उतरून आल्या, मला जवळून पाहिलं, आणि त्यांनी पदर नाकाला लावला.

“भैया, पहार आण,” त्या म्हणाल्या. “किती दिवसांपासून मी नालीले दोष देऊन राहिली. वास हिचाच आहे.”

कळमेश्वरला जे पहार घालूनही सुटलं नव्हतं, ते तीन झटक्यांत सुटलं. कारण आता धरून ठेवायला खाली काही उरलंच नव्हतं. फायबरचं कवच एकीकडे पडलं आणि त्याच्याबरोबर काळा चिखल, झुरळं, हाडं आणि तांबेऱ्याचे पापुद्रे अंगणातल्या रांगोळीवर सांडले. चंपतरावांनी एक तुकडा उचलला. तो बोटांतच चुरला. भैयाजी मागे सरला आणि भिंतीशी जाऊन ओकला.

मग भैयाजी तोंड पुसत आला. “काका, पुन्हा करता येईल का हो? तुम्ही सांगा, मी माणूस लावतो हाताखाली.”

“नाही होत गा आता.” चंपतरावांनी आपले दोन्ही हात पुढे धरले. ते आपोआप हलत होते. “आन माणसाले मी काय सांगू? सांगून येत असतं तर मी सांगितलं नसतं का?”

त्यांनी ते फायबरचं कवच उलटं केलं आणि फडक्याने आतून पुसलं. आतल्या बाजूला त्यांच्या मडगार्डचा ठसा जसाच्या तसा उमटला होता. गोलाई, खाली उतरणारी धार, रंगाखाली कधी न दिसलेले हातोडीचे बारीक घाव, सगळं. माझ्या उघड्या पत्र्यावर थापलं होतं ना ते.

“हे मले द्या,” ते म्हणाले.

“हा कचरा?” भैयाजीला कळेना.

“ह्याच्यातच राहिला आहे तो. दुसरीकडं कुठंच नाही.”

ते कवच बगलेत धरून चंपतराव उमरेडच्या गाडीला गेले. मला जिची आयुष्यात सर्वांत जास्त किळस आली ती वस्तू, आणि तिलाच माझा आकार ठाऊक. मला अजून ठरवता येत नाही की तिचा राग करावा की काय करावं. वासाची किळस मात्र येतेच.

रविवारी भैयाजी स्पर्धेला गेला नाही. बाबूलालचा निरोप आला, नवीन टुकडा बना देता हूँ. कुसुमताई म्हणाल्या, “त्याले सांग भैया, तू आपले कूलरच बनव म्हणा.” मग भैयाजीने स्वतःच्या हाताने हनुवटी काढली, शेपूट काढलं, उजव्या बाजूचे रिव्हेट एकेक करून तोडले. तिकडचा पत्रा भोकाभोकांचा झाला आहे, पण तो आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल. ती तुम्हाला साधी वाटेल. तिच्यावर काही चिकटवावं, फासावं, तिला दुप्पट मजबूत करावं असं मनात येईल. त्याआधी एवढं करा. खाली वाका, प्रसंगी जमिनीवर आडवे व्हा, आणि ज्याने ती बनवली त्याने तिच्यात काय ठेवलं आहे ते नीट बघा. त्याने ठेवलेलं भोकसुद्धा त्याने विचार करून ठेवलेलं असतं.

मी अजून प्रताप नगरच्या त्या अंगणातच असते. माझ्या डाव्या बाजूला मडगार्ड नाही. चाक सताड उघडं आहे. येणारे-जाणारे बघून हसतात. हसू देत. मी उघडी आहे, पण कोरडी आहे.