पृथ्वी फिरवण्याचा डोहाळा

प्रमोदिनीबाई नागपूरहून इंग्लंडात मिल्टन कीन्सला आल्या त्या सुनेचे डोहाळे पुरवायला, आणि सुनेला डोहाळेच लागेनात. आता काय करावं माणसानं? बॅगेत चिंच, आवळासुपारी, सांडगी मिरची, सगळं विमानतळावरच्या लोकांच्या नाकावर टिच्चून आणलेलं. आणि सातवा महिना सरत आला तरी वैभवीचं रोज सकाळी आपलं टोस्ट. "काही खावंसं वाटतंय का गं?" विचारलं, की "नाही आई, आय ॲम फाइन, तुम्ही बसा ना." बसा म्हणे. बसायला नागपूरला काय खुर्च्या नव्हत्या?

मुलगी वाईट नव्हती, हेच तर दुखणं होतं. भांडखोर असती तर भांडून तरी जवळीक झाली असती. ही गोड बोलायची, थँक्यू म्हणायची आणि काही म्हणून मागायची नाही. आई लहानपणीच गेलेली, होस्टेलात वाढलेली पोर. आपलं आपण करायचं हे हाडात मुरलेलं. प्रमोदिनीबाईंना मनातून एकच धास्ती होती. नातवंड होईल, बारसं होईल, आपण परत जाऊ, आणि या पोरीनं आपल्याकडे एकदाही काही मागितलेलं नसेल.

त्या शनिवारी प्रणव दोघींना गाडीने केंब्रिज दाखवायला घेऊन गेला. प्रणव म्हणजे बाईंचा एकुलता एक मुलगा. रस्त्यात चिटपाखरू नसलं तरी सिग्नलचा हिरवा माणूस दिसल्याशिवाय पलीकडे न जाणारा. कॉलेजं बघून झाली, नदी बघून झाली, आणि एका गल्लीत वैभवी एकदम थबकली. जुन्या नकाशांचं दुकान होतं. काचेमागे भिंतभर नकाशे, त्यांच्या कोपऱ्यांत गुबगुबीत देवदूत, द्राक्षांचे घड, शिडं फुगवलेली जहाजं. आणि मधोमध लाकडी स्टँडवर एक भलामोठा पृथ्वीगोल.

वैभवीने काचेला नाक लावलं. "मला तो फिरवायचाय," ती म्हणाली.

"काय?" प्रणवने विचारलं.

"तो ग्लोब. हात लावून गरगर फिरवायचाय. आत्ता." मग स्वतःच ओशाळली. "जाऊ दे, काहीतरीच. चला, कॉफी घेऊ."

पण प्रमोदिनीबाईंच्या कानात सनई वाजायला लागली होती. "कॉफी गेली खड्ड्यात," त्या म्हणाल्या. "डोहाळा लागलाय तिला. आत चला."

"आई, डोहाळा खाण्याचा असतो."

"तुला किती वेळा लागलेत रे?"

दुकानाचे मालक मिस्टर पेनफोल्ड म्हणजे कोपरावर ठिगळ लावलेल्या स्वेटरातले एक उंच, किडकिडीत गृहस्थ. गोलाची माहिती ते अशी सांगू लागले जशी आपल्याकडे लोक घरातल्या लेकराची सांगतात. अठराव्या शतकातला, फ्रान्सच्या राजाच्या पदरी असलेल्या नकाशेकाराचा. कागदाच्या पाकळ्या छापून, हाताने रंगवून, गोलावर चिकटवलेल्या. शेजारी पाटी होती, हात लावू नका.

"सांग त्यांना," बाई म्हणाल्या.

प्रणव कानापर्यंत लाल झाला. "माय वाइफ हॅज अ... कल्चरल रिक्वायरमेंट," तो पुटपुटला. बाईंनी त्याला बाजूला सारलं.

"शी इज प्रेग्नंट. शी वॉन्ट्स टू रोटेट. इफ नॉट रोटेट, बेबीज माउथ लीकिंग."

डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाची लाळ गळते, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पेनफोल्डना कुठून ठाऊक असणार? पण माणूस सज्जन. त्यांनी पूर्ण गांभीर्याने मान हलवली आणि मग पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले, की हा फिरतच नाही. त्यांच्या हाती आला तेव्हाच आस अडकलेला होता. जोर केला तर कागद फाटेल. त्यांनी स्वतःही तो कधी फिरवलेला नव्हता.

"इट्स फाइन. रिअली," वैभवी म्हणाली आणि दाराकडे वळली. तिचे डोळे भरून आलेले प्रमोदिनीबाईंनी पाहिले. एवढ्या महिन्यांत पोरीनं एक गोष्ट मागितली, आणि तीही अडकलेली. बाईंना असा संताप आला, त्या फ्रेंचाचा, त्या आसाचा, अख्ख्या पृथ्वीचा.

"नाही फिरत तर राहिली," त्या म्हणाल्या. "आपण फिरू."

"म्हणजे?"

"म्हणजे प्रदक्षिणा. बघ तिच्याकडे आणि चल." आणि त्यांनी सुनेचं मनगट धरलं.

पहिली फेरी लाजतकाजत झाली. हिंदुस्थान मागे पडला, अरबस्तान आला, आफ्रिका आली, मग निळा समुद्र आणि त्यात शेपूट आपटणारा एक मासा. वैभवीने नजर गोलावरून हलवली नाही. दुसऱ्या फेरीला पाय भराभर पडू लागले. अमेरिकेच्या वरच्या अंगाला फ्रेंचाला काहीच माहीत नव्हतं, तिथे बेट्याने कोरं ठेवून दिलेलं. ते कोरेपण सर्रकन गेलं, पॅसिफिक गेला, चीन आला. तिसऱ्या फेरीला वैभवी हसायला लागली.

"आई, फिरतेय ती," ती म्हणाली. "खरंच फिरतेय."

पेनफोल्ड डोक्याला हात लावून हवेत बोटानं गोल काढत होते. मग त्यांचा चेहरा उजळला. दिशा बरोबर आहे, ते म्हणाले. या बाजूने चाललं की पृथ्वी फिरते तशीच दिसणार. "न दिसायला काय झालं," बाई चालता चालता म्हणाल्या, "आमच्या देवळात काय उलटं फिरतात?" प्रणवने याचं भाषांतर केलं नाही, तो मागून हात पसरून, जिथे वैभवी तिथे तो, असा धावत होता. आणि बघता बघता पेनफोल्डही रांगेत आले. एक जोडपं दार उघडून आत आलं, ही वरात पाहून "सॉरी" म्हणालं आणि निघून गेलं.

शेवटी वैभवीच थांबली, खुर्चीत कोसळली. हसून हसून डोळ्यांना धार लागलेली. प्रमोदिनीबाईंचंही डोकं भणभणत होतं. अख्खं दुकान गोल फिरत होतं, देवदूतांसकट.

"भागला का गं डोहाळा?"

"नाही," वैभवी म्हणाली.

बाई तिच्याकडे वाकल्या. "मग?"

वैभवीने डोळे पुसले. मग खाली बघत म्हणाली, "मला तुमच्या कुशीत झोपायचंय. परत जाताना. पुढे नाही बसायचं मला."

"सीटबेल्ट?" प्रणव म्हणाला.

"तू गाडी चालव," त्याची आई म्हणाली.

बेल्ट लावलेच त्याने दोघींना, स्वतःच्या हातांनी. वैभवी सरकली, सासूच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि गाव सुटायच्या आत झोपली. वाटेतलं बेडफर्ड येईपर्यंत प्रमोदिनीबाईंच्या हाताला मुंग्या येऊन गेल्या, पण त्यांनी तो हलवला नाही.