मधल्या दारावरचा हार

मी एक जुना थर्मल कॅमेरा आहे. लग्नाचे फोटो माझ्याकडून कुणी काढत नाही. माझ्यात नवरा-नवरी दोघेही नुसते गरम ठिपके दिसतात. मित्रांनो, मला रूप दिसत नाही, उष्णता दिसते. सैल तार असो की घासणारं बेअरिंग, जे तापतंय ते मी रंगांत दाखवतो. पेटण्याआधी सांगायचं, एवढंच माझं काम.

जन्म परदेशातला, पण नोकरी सगळी पुण्यात झाली. बिबवेवाडीच्या एका लहानशा ऑफिसातून चेतन नावाचा तंत्रज्ञ मला सॅकमध्ये घालून स्कूटरवरून कारखान्यांत नेतो. सहा वर्षांपूर्वी मांजरी गावाजवळ पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात, विजेच्या पॅनेलमधला एकशे बारा अंशांवर तापलेला जोड मी दाखवला. तो आवळला आणि कारखाना वाचला. मॅनेजर दत्तप्रसादसाहेबांनी मला कुंकू लावलं. तेही भिंगावर. पुसायला चेतनला दोन दिवस लागले.

मग कौतुक संपलं आणि सुधारणा सुरू झाल्या. आतलं दिसावं पण हात लागू नये, म्हणून पॅनेलच्या तिन्ही दारांना काचा बसवल्या. दार उघडलं की खोक्यांचं मशीन आपोआप बंद. सोय उत्तम. फक्त काचेपलीकडची उष्णता माझ्यापर्यंत पोहोचत नाही. मला दिसते ती काच, आणि तिच्यात चेतनची पुसट आकृती.

यंदा दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी आम्ही तिथे गेलो. तिन्ही दारांवर पूजेचे हार होते. दोन अजून ओलसर होते. मधल्याचा चुरा होत होता. त्याच दाराला पाठ लावून सोनबा बसतात. मांजरीचेच, बावीस वर्षं हे मशीन चालवणारे.

“साहेब, तिन्ही हार एकाच टोपलीतले हायेत,” ते म्हणाले. “ह्योच दुसऱ्या दिवशी वाळला. पाठीलाबी ऊब लागती.”

“फुलवाला बदला,” साहेब म्हणाले.

मी मधली काच एक्केचाळीस अंश दाखवली. शेजारच्या दोन्ही बत्तीस. मला जमेल तेवढा पिवळा झालो.

“लाल नाही ना?” साहेबांनी विचारलं.

“साहेब, हे काचेचं तापमान आहे. जोड आत आहे. दार उघडावं लागेल.”

“अहो चेतन, मला काचेतून सगळं स्वच्छ दिसतंय. ह्याला दिसत नसेल तर चष्मा लावा.”

“चालू मशीनवरच बघावं लागतं. मशीन बंद न पडता दार उघडायला इलेक्ट्रिशियन बोलवा, दाराचं लॉक तो—”

“आज माल निघायचाय. मशीन बंद झाल्यावर बघा.”

“बंद केल्यावर जोड थंड होतो.”

“मग झालं तर. थंडच आहे.”

सत्तर अंशांखाली सगळं ‘ठीक’ असा रिपोर्टात रकाना आहे. एक्केचाळीस त्यात आरामात बसतं. चेतननं सही केली. मी त्याच्या हातात होतो. त्याचा तळवा गार पडलेला मला कळला.

सोनबांनी आपलं स्टूल दोन फूट पुढे सरकवलं.

“सोनबा, स्टूल पिवळ्या पट्ट्याच्या आत,” साहेब म्हणाले. कारखान्यात प्रत्येक वस्तूची जागा जमिनीवर रंगवलेली आहे. “उद्या पाहुणे यायचेत. शिस्त दिसली पाहिजे.”

“पट्टा हाय तितं आग लागली तर?”

“लागणार नाही. रिपोर्ट आलाय.”

सोनबांनी स्टूल मागे नेलं आणि बसले. पाठ मात्र टेकवली नाही. निघताना चेतन त्यांना “काका, जपून” म्हणाला. कशापासून जपायचं ते रिपोर्टात नव्हतं. रिपोर्ट साहेबांनी दर्शनी भिंतीवर लावायला दिला.

आता मी ऑफिसच्या कपाटात आहे, भिंगावर टोपण. पुढची तपासणी पुढच्या दसऱ्यानंतर. तो जोड तोवर थांबणार नाही. गरम जोड सैल होतो, आणि सैल जोड आणखी तापतो. हे मला आत्ताही ठाऊक आहे, आणि मला ओरडता येत नाही. मी फक्त रंग बदलतो, आणि इथे तोही बघायला कुणी नाही.

म्हणून मित्रांनो, हात नसताना हात जोडतो. तुमच्या घरातलं कुणी अशा पॅनेलशेजारी बसत असेल, तर आज त्यांना विचारा, कुठला हार आधी वाळला. आणि मांजरीकडे कुणी जात असाल, तर सोनबांचं स्टूल तेवढं सरकवा. पट्टा रंगाचा आहे. पुसता येतो.